घाई नसलेले मास्तर

माझ्या अर्जातला शब्द खोडण्याचे धाडस आजवर एकाच माणसाने केले, आणि तो माणूस जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला, सातवी शिकलेला होता. माझे स्वतःचे शिक्षण नववीपर्यंत झाले आहे. परंतु मुलुंड पश्चिमेला एका सरकारी कचेरीच्या कुंपणाबाहेर, निळ्या ताडपत्रीखाली, गेली सव्वीस वर्षे माझे टेबल आहे. शिधापत्रिकेपासून वारसनोंदीपर्यंत कोणत्या कागदाला कोणता सूर लावायचा, हे या उपनगरात माझ्याइतके जाणणारे फार थोडे असतील. नवे वकीलसुद्धा आपले मसुदे माझ्याकडे तपासायला पाठवतात. पुढील हकिकतीत कोण कोणाला शिकवत होते हे वाचकांच्या ध्यानात यावे, एवढ्याचसाठी हे आधी सांगितले.

त्यांना सगळे मास्तर म्हणत. मूळचे कुडाळकडचे; वडील गिरणीत होते, हे स्वतः बसवर लागले आणि बसवरूनच निवृत्त झाले. त्यानंतर, वेगमर्यादा मोडल्यामुळे ज्यांचा परवाना निलंबित होतो अशा चालकांसाठी दर शनिवारी जो उजळणी वर्ग भरतो, तेथे ते शिकवू लागले. वर्ग एका मोटार प्रशिक्षण शाळेच्या वरच्या मजल्यावर भरे. तेथे फळा होता, खुर्च्या होत्या, तक्ते होते. मास्तरांनी त्यांपैकी कशालाही हात लावल्याचे मी पाहिले नाही. त्यांनी भंगारातून एका जुन्या बसचे चालकाचे आसन आणून लाकडी चौरंगावर ठोकून घेतले होते. वर्गात आल्यावर ते त्या आसनावर चढत, पट्टा लावत, उजवीकडच्या भिंतीकडे, जेथे बसला आरसा असतो तेथे, एकदा पाहत आणि मगच बोलायला आरंभ करत. उठतानाही तोच क्रम उलटा. पहिल्या दिवशी वर्ग हसला. मास्तर हसू ओसरेपर्यंत थांबले. त्यांना कशाचीच घाई नसे.

या घाई नसण्याचे मुलुंडमध्ये अनेक किस्से होते. गुडघे दुखू लागल्यापासून ते कधीमधी रिक्षा करत. रिक्षात बसल्यावर ठिकाण सांगण्याआधी ते चालकाला सांगत, "भैया, मुझे जल्दी नहीं है." असे सांगणारे गिऱ्हाईक कोणत्याही रिक्षाचालकाने पाहिलेले नसल्यामुळे त्याला संशय येई. स्टेशनसमोर एकाने त्यांना माझ्या देखत उत्तर दिले, "जल्दी नहीं है तो पैदल जाओ ना, चाचा." मास्तरांनी क्षणभर विचार केला, "बरोबर बोलतोय," असे मला म्हणाले आणि खरोखरच उतरून चालू लागले. त्यांच्याबरोबर चालणे हाही एक सोहळा असे. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी ते थांबत, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहत. माझ्या टेबलापासून चहाच्या टपरीपर्यंत शंभर पावले नसतील. आम्हाला दहा मिनिटे लागत. मी एकदा त्यांना स्कूटरवरून सोडण्याची तयारी दाखवली. ते म्हणाले, "तुझं लायसन कोणाकडे आहे सध्या?" मी विषय बदलला.

होय, माझाही परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला होता, आणि आमची ओळख त्याच वर्गात झाली. औद्योगिक वसाहतीकडून महामार्गाकडे जाणारा आमच्याकडचा रस्ता सिमेंटचा झाला, त्या कामात जुने गतिरोधक गेले आणि नंतर कोणी परत घातले नाहीत. सरळ, गुळगुळीत, दुतर्फा बहुतेक कारखान्यांच्याच भिंती. माणसाच्या हातून स्कूटरची मूठ आपोआप पिळली जाते. त्या रस्त्यावर महिनाभर वेग मोजणारी गाडी उभी होती, आणि आमच्या वर्गातले सगळे सतरा जण तिच्याच तावडीत सापडले. मर्यादा चाळीसची होती. माझ्या स्कूटरचा वेग एकाहत्तर निघाला.

वर्गात मास्तर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत आणि उत्तर एका शाळकरी वहीत लिहून ठेवत. किती वेगाने जात होता, हे ते विचारत नसत. ते चलानावर असतेच. ते विचारत, "तुका खंय जावचा होता?" तुला कुठे जायचे होते?

"मुलाला ट्यूशनला सोडायचं होतं," घाटकोपरच्या एक बाई म्हणाल्या.

"वेळेवर पोहोचलात?"

"सरांनी त्या दिवशी सुट्टी दिली होती."

मास्तरांनी तेही लिहून घेतले. व्यायामाने दंड कमावलेल्या एका तरुणाला, ज्याला आम्ही पुढे पैलवान म्हणू लागलो, विचारले तेव्हा तो म्हणाला, "जिमला. पण मास्तर, रस्ता एकदम खाली होता यार."

"खाली होता, की तुला कोण दिसलं नाही?"

मास्तरांनी 'जिमला' लिहून घेतले. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहून, योग्य त्या शब्दांत, निवेदन केले की एका विधवा पक्षकाराचा अर्ज मुदतीत दाखल करणे आवश्यक होते आणि स्वीकृतीची खिडकी साडेचार वाजता बंद होते.

"मिळाली खिडकी?"

"मिळाली. परंतु त्यांचा संगणक बंद होता."

मास्तरांनी लिहिले: 'खिडकी. संगणक बंद.' माझ्या सव्वीस वर्षांच्या सेवेचे एवढे थोडक्यात वर्णन आजवर कोणी केले नव्हते.

त्याच रस्त्याला लागून, आमच्या वर्गाच्या इमारतीजवळच, एक वस्ती आहे. वस्तीतली बालवाडी ज्या चाळीत भरत असे ती पुनर्विकासात गेली, आणि बालवाडी रस्त्यापलीकडच्या बुद्धविहाराच्या सभागृहात हलवली गेली. त्यामुळे एकवीस मुले सकाळी नऊला रस्ता ओलांडून जात आणि बाराला परत येत. बालवाडीच्या ताई मूळच्या बुलढाण्याकडच्या, आवाजाने खणखणीत. त्यांनी एका जाड दोरीला एकवीस गाठी मारल्या होत्या. प्रत्येक मुलाने आपली गाठ धरायची, गाठ सोडायची नाही, हा नियम. आणि रोज नऊ व बारा या दोन्ही वेळांना मास्तर रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे राहत. त्यांना तसा कोणताही अधिकार नव्हता. गाड्यावाले शिव्या देत, मास्तर त्या ऐकून घेत आणि हात खाली करत नसत.

एका शनिवारी, मुले घरी गेल्यानंतर, मास्तरांनी ताईंकडून ती दोरी मागून घेतली आणि आम्हा सतरा जणांना खाली आणले.

"एकेक गाठ धरा," ते म्हणाले. "पलीकडे जायचंय. मी हात दाखवणार नाही."

गाठींमधले अंतर तीन-चार वर्षांच्या मुलांच्या मापाचे होते. आम्हाला वाकून, एकमेकांना खेटून उभे राहावे लागले. सर्वांत पुढे पैलवान, मध्ये ट्यूशनवाल्या बाई, त्यांच्यामागे मी. बसथांब्यावरच्या लोकांनी मोबाइल काढले. माझी एक जुनी पक्षकार, म्हातारी बाई, फुटपाथवरून ओरडली, "अहो अर्जवाले, तुम्हाला पकडलं का हो?"

गाड्या थांबेनात. पैलवान दोन पावले पुढे जाई आणि मागे येई. तो पुढे गेला की दोरी ताणली जाई आणि शेवटचा माणूस अजून फुटपाथवरच असे. दोरी धरल्यावर पळता येत नाही, ही गोष्ट मला पन्नासाव्या वर्षी समजली. शेवटी आम्ही निघालो. अर्ध्यात असताना एक स्कूटर भोंगा वाजवत सरळ आमच्यावर आली. मागच्या लोकांनी दोरी टाकली, स्कूटर दोरीवरून निघून गेली आणि जाता जाता चालक ओरडला, "मरायचंय काय?"

"आंधळा आहेस का रे?" पैलवान मागून ओरडला. मग त्याने आपली गाठ दोन्ही हातांनी धरली आणि पलीकडे पोहोचेपर्यंत सोडली नाही.

वर गेल्यावर मास्तर यावर भाषण करतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी पट्टा लावला, आरसा पाहिला आणि म्हणाले, "जेवून या. दोन वाजता ब्रेकचं बघू."

त्या संध्याकाळी मी होऊन त्यांच्याकडे गेलो आणि गतिरोधकासाठी अर्ज करून देण्याची तयारी दाखवली. मास्तर म्हणाले, "कर बाबा. मे महिन्यात पोरगा मला गावाला नेतोय. गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यानंतर नऊला आणि बाराला इथे कोण उभा राहणार?" तेव्हा फेब्रुवारी चालू होता. मुलांच्या आणि त्या गाड्यांच्या मध्ये एका म्हाताऱ्याचा हात होता, आणि त्या हातालाही आता मुदत पडली होती.

अर्जाला वजन लागते, हे आमच्या व्यवसायाचे मूळ सूत्र आहे. नुसती अडचण लिहिली तर कागद तळाशी जातो. म्हणून मी लिहिले की, 'सदर रस्त्यावर भरधाव वाहनांनी आजवर अनेक निष्पाप बालकांचे बळी घेतले असून, वस्तीवर शोककळा पसरली आहे.' मसुदा पक्षकाराला वाचून दाखवण्याची माझी पद्धत नव्हती. पहिली सही बालवाडीच्या ताईंची घेतली, मग मास्तरांची, मग पालकांची. अर्जनवीस स्वतः सही करत नसतो.

तीन आठवड्यांनी ताई माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. समोर दोन पक्षकार बसलेले होते.

"अर्ज लिहिणारे तुम्हीच ना? मग सांगा, माझं कुठलं पोर मेलं?"

मी त्यांना बसायला सांगितले.

"बसत नाही. काल रस्तेखात्याचा माणूस आला, वर्गात, पोरांसमोर विचारतो, मेलेल्या मुलांची नावं द्या. कोणाची देऊ? माझी एकवीसच्या एकवीस जिवंत आहेत. तुम्ही मारलीत, कागदावर. आज नऊच पोरं आली. बाकीच्यांच्या आया म्हणतात, तिथं मुलं मरतात म्हणे, आम्ही नाही पाठवत."

मी सांगण्याचा प्रयत्न केला की ती अर्जाची भाषा असते. ताई म्हणाल्या, "सही माझी आहे ना खाली? मग खोटारडी मी ठरले. तुमचं नाव आहे का त्याच्यावर कुठं?"

नव्हते. पुढच्याच आठवड्यात लेखी उत्तर आले: पोलीस ठाण्याच्या नोंदीनुसार सदर ठिकाणी नमूद केल्याप्रमाणे एकही घटना घडलेली नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. माझ्या हातून गेलेला कागद असा परत येण्याचा प्रसंग विरळा. हा तर माझ्याच वजनाने बुडाला होता.

मास्तर ते उत्तर घेऊन आले तेव्हा मार्च सरत आला होता. ते रागावतील म्हणून मी तयार होतो. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, त्यावर माझा पेपरवेट ठेवला आणि विचारले, "त्या रस्त्यावर गाड्या जोरात जातात, हे खरं ना?"

"खरे आहे."

"मग खोट्याची गरज कशाला पडली? जोरात जाणारी सतरा माणसं माझ्या वर्गात बसलीयत. त्यांच्याच सह्या घे. आम्ही इथून असे असे गेलो, आम्हाला अडवा, म्हणून लिही."

सव्वीस वर्षांत अन्याय झालेल्यांचे अर्ज मी हजारोंनी लिहिले होते. ज्यांनी केला त्यांचा, आणि तोही आम्हाला आवरा अशी विनंती करणारा, एकही लिहिला नव्हता. नमुनाच उपलब्ध नव्हता. मी रात्री घरी बसून पाने भरली आणि या वेळी मसुदा मास्तरांना वाचून दाखवला. त्यांनी माझेच लाल पेन घेतले. 'कळकळीची' हा शब्द खोडला. 'निष्पाप' खोडला. 'काळजाचा थरकाप उडवणारे' यावर बराच वेळ पेन धरून बसले.

"थरकाप कोणाच्या काळजाचा उडाला? तुझ्या?"

"तशी म्हणण्याची पद्धत आहे."

"तू हसत होतास तेव्हा. दोरी धरून. मी बघत होतो." आणि खोडले.

शेवटी जे उरले ते एका पानाचे होते. आम्ही खाली सही करणारे वाहनचालक या रस्त्यावर वेगमर्यादा मोडून गेलो आहोत. प्रत्येकाच्या नावापुढे त्याचा वेग आणि त्याला कुठे जायचे होते ते मास्तरांच्या वहीतून लिहिले आहे. रस्ता असाच राहिला तर आम्ही पुन्हा जाऊ. या ठिकाणी रोज दोन वेळा एकवीस मुले रस्ता ओलांडतात. गतिरोधक घालावा.

"पहिली सही कोणाची?" मी विचारले.

"तुझी."

मी त्यांना समजावले. माझ्याकडे लोक विश्वासाने येतात; कचेरीतले कारकून मला ओळखतात; अर्जनवीसच गुन्हेगार म्हणून सही करू लागला तर व्यवसायाची अब्रू काय राहील? मास्तरांनी सगळे ऐकून घेतले.

"खोटा कागद तुझ्या सहीशिवाय गेला," ते म्हणाले, "आणि त्या बाईला तोंड द्यावं लागलं. हा खरा आहे. ह्याच्यावर कोणाची घेऊ, तिचीच?"

मी सही केली. सतरापैकी अकरा जणांनी केली. ट्यूशनवाल्या बाई घाटकोपरहून मुद्दाम आल्या. पैलवानाने आपल्या वेगाचा आकडा स्वतःच्या हाताने लिहिला, आणि 'जिमला' हा शब्द दोनदा गिरवला.

एप्रिलच्या मध्यावर पाहणीला एक तरुण अभियंता मॅडम आल्या. भर दुपारी, बाराच्या सुमारास. ताई मुलांना घेऊन पलीकडे उभ्या होत्या, मास्तर फुटपाथवर. मॅडमनी अर्ज पाहिला आणि विचारले, "अर्जदार क्रमांक एक कोण आहेत?"

आजूबाजूला बरीच माणसे जमली होती, त्यांत माझ्या ओळखीची निम्मी. मी पुढे झालो.

"एकाहत्तर? इथून?"

"होय."

"सरकारी खिडकी गाठायला?" त्यांनी वर पाहिले. "साहेब, माझ्या नोकरीत लोक सांगतात की दुसरे जोरात जातात. तुम्ही स्वतःचं का लिहिलंत?"

माझ्याजवळ या प्रसंगासाठी तीन-चार चांगली वाक्ये तयार होती. पलीकडून ताई माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणालो, "आधी दुसऱ्यांचं लिहिलं होतं. ते खोटं होतं."

मॅडमनी अर्ज घडी करून ठेवला. त्या पंधरा मिनिटे रस्त्याच्या कडेला उभ्या राहून गाड्या पाहत होत्या. मग मास्तर रस्त्यात उतरले, हात वर केला, मुले गेली. मॅडमनी जाताना त्यांना विचारले, "काका, हे रोज करता?"

"अजून पंधरा दिवस," मास्तर म्हणाले.

मास्तर गावी जाण्याच्या दोन दिवस आधी गतिरोधक झाला. सकाळी आठ वाजता काम संपवून मजूर गेले. नऊला मुले आली. मास्तर सवयीने रस्त्यात उतरले. पण गाड्यांचा वेग त्यांच्याआधीच कमी होत होता, आणि हात वर करायची फारशी गरज पडली नाही. ताईंनी पलीकडून ओरडून विचारले, "मास्तर, आता तरी खूश ना?"

मास्तर गतिरोधकाजवळ ओणवे झाले होते. "पट्टे मारले नाहीत," ते म्हणाले. "काळ्या डांबराचा उंचवटा, वर पांढरा रंग नाही. ज्याला माहीत नाही तो आपटणार. अर्ज लिही."

मी तेथेच बॅगेवर कागद ठेवून लिहायला घेतले: 'सदर गतिरोधकावर रंगाचे पट्टे नसल्याने दुचाकीस्वार पडून जायबंदी—'

"कोण पडलं?" मास्तरांनी विचारले.

"पडतील."

"पडलंय कोण?"

"अजून कोणी नाही."

"मग तसंच लिही."

मी कागद बदलला. लिहिले: 'महोदय, आपण केलेल्या गतिरोधकावर अद्याप कोणीही पडलेले नाही. कोणी पडण्यापूर्वी पट्टे मारावेत, ही विनंती.' खाली माझी सही, ताईंची आणि मास्तरांची. मास्तर दोन दिवसांनी कुडाळला गेले. त्या अर्जाला लेखी उत्तर कधीच आले नाही. अर्ज दिल्यापासून नवव्या दिवशी सकाळी मी टेबलावर जाताना पाहिले, तर पट्टे मारलेले होते, आणि रंग ओला होता म्हणून ताईंनी मुलांना अलीकडेच थांबवून ठेवले होते.